चाल दोघा भावांची, फुंकर बाळापूरच्या बँडची

दोस्तांनो, अकोल्याहून खामगावकडे निघालात की पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर लागतं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे उंचवट्यावर बसलेला किल्ला आणि नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. (होय, तेच जयसिंग, पुरंदरच्या तहाच्या धड्यातले!) शाळेच्या सहलीला येऊन तुमच्यापैकी काहींनी हे सगळं पाहिलंही असेल. पण आज आपण किल्ला पाहायला आलेलो नाही. आपण आलोय वरात पाहायला!

मे महिना. संध्याकाळचे सहा वाजलेत. ऊन उतरलंय म्हणायचं, पण रस्त्याचं डांबर अजून चपलेखालून चटका देतंय. नवरदेव घोड्यावर. घोड्याच्या पुढे बँड : दोन क्लॅरिओनेट, दोन ट्रम्पेट, एक मोठ्या तोंडाचं युफोनियम, साइड ड्रम, ढोल आणि खुळखुळे वाजवणारा एक मुलगा. मागे हातगाडीवर की-बोर्ड आणि दोन कर्णे. सगळ्यांचे लाल कोट घामानं चिंब. इतका वेळ एक जुनं संथ गाणं चाललं होतं. मग मास्टरनं हात वर केला, ढोलवाल्याकडे पाहिलं, आणि सुरू झालं 'झिंगाट'!

पुढे काय झालं ते मी सांगायला नको. सकाळपर्यंत गुडघे धरून बसलेली नवरदेवाची आत्यासुद्धा पदर खोचून पुढे आली.

गाणं संपल्यावर मी त्या खुळखुळेवाल्या मुलाला विचारलं, "काय रे, ही चाल कुणाची, माहीत आहे का?" तो नववीत शिकतो, सुट्टीत वडिलांबरोबर बँडमध्ये येतो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू सूर्य कुठे उगवतो असं विचारलंय. म्हणाला, "अजय-अतुलची हाये ना, काका. पन वाजवून तं आमीच रायलो!"

पोरगं बरोबर बोललं बघा. एका गाण्याला दोन घरं असतात. एक, जिथे ते जन्मतं. दुसरं, जिथे ते नांदतं. आधी जन्मघराकडे जाऊ.

अतुल आणि अजय गोगावले हे सख्खे भाऊ. अतुल मोठा, १९७४चा. अजय धाकटा, १९७६चा. वडील महसूल खात्यात नोकरीला. म्हणजे काय, हे तुमच्यातल्या सरकारी नोकरांच्या मुलांना लगेच कळेल. दर काही वर्षांनी सामान बांधायचं, नवं गाव, नवी शाळा, नवे मित्र! पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर अशा गावांत या दोघांचं लहानपण गेलं. त्या मुलखात कानावर काय काय पडत असेल, विचार करा. देवळातलं भजन, कीर्तन, गोंधळ, लेझीम, लग्नाचा बँड, जत्रेतली ढोलकी. तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव जुन्नर तालुक्यातच आहे.

दोघांनाही गाण्याचं वेड, आणि अभ्यासात मात्र यथातथाच. (आईबाबा, हे वाक्य वाचून लगेच अंक मिटू नका. पुढे वाचा.) घरात वाद्य नव्हतं, विकत घेण्याची ऐपतही नव्हती. मग त्यांनी एक नामी युक्ती काढली. ज्याच्या घरी पेटी आहे, त्याच्याशी मैत्री करायची. ज्याच्या घरी मृदंग आहे, त्याच्याशीही! शाळेचं स्नेहसंमेलन, एन.सी.सी.च्या स्पर्धा, गावातली भजनं, जिथे वाजवायला मिळेल तिथे हजर. पुढे वडिलांनी की-बोर्ड घेऊन दिला, तेव्हा कुठे हक्काचं वाद्य घरात आलं.

त्यांनी गुरूकडे गंडा बांधून संगीत शिकलं नाही. पण म्हणून ते शिकलेच नाहीत असं समजू नका हं! दक्षिणेतले थोर संगीतकार इलैयाराजा यांची गाणी हे त्यांचं मोठं विद्यापीठ. एकेक गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं. खाली व्हायोलिन काय करतंय, बासरी नेमकी कुठे शिरते, ढोल कुठे गप्प बसतो. घड्याळजी घड्याळ उघडून चाकं वेगळी करतो ना, तसं कानानं गाणं उघडायचं. फुकटचं शिक्षण आहे, पण फार चिवटपणा लागतो त्याला. आपण चार वेळा ऐकतो आणि कंटाळतो.

मग पुणे, मग मुंबई. जाहिरातींची छोटी छोटी गाणी, नाटकांचं संगीत, मिळेल ते काम. गणपतीच्या गाण्यांचा 'विश्वविनायक' हा त्यांचा अल्बम आला आणि त्यात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन अशी मोठी माणसं गायली. २००४ साली 'सावरखेड एक गाव' आणि 'अगं बाई अरेच्चा!' हे दोन मराठी चित्रपट आले आणि ही जोडी घराघरांत पोचली. 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातलं 'जीव रंगला' गाणाऱ्या हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही त्याच वर्षी गायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पुरस्कारांची यादी इथेच सोडू. ती लांबलचक आहे आणि वाचायला कंटाळवाणी. मला त्याहून गमतीचं वाटतं ते असं, की यांच्या चाली ऐकल्या की पाय का हलतात?

मराठीत नाचाच्या गाण्याची मोठी परंपरा आहे. आजीला विचारा, ती 'सांगत्ये ऐका' (१९५९) चं नाव घेईल. त्याचं संगीत वसंत पवारांचं. बाबांना विचारलंत तर कदाचित 'पिंजरा' (१९७२) म्हणतील, ते राम कदमांचं. तीच वाट अजय-अतुल यांनी 'नटरंग'मध्ये पुढे नेली. हा चित्रपट १ जानेवारी २०१०ला लागला आणि 'अप्सरा आली', 'वाजले की बारा' यांवर नाचली नाही अशी एकही शाळा महाराष्ट्रात उरली नसेल. पुढे २०२२ साली 'चंद्रमुखी'त 'चंद्रा' आलं, आणि गॅदरिंगमधल्या मुलींना पुन्हा नवी लावणी मिळाली.

नाचाची चाल बांधणं म्हणजे नुसतं जोरात ढोल बडवणं नव्हे. लावणी नीट ऐका. ओळ संपते आणि गाणारी थांबते. तेवढ्यात ढोलकी बोलायला लागते आणि नाचणारीचे घुंगरू तिला उत्तर देतात. म्हणजे चाल बांधणाऱ्यानं तिथे मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते. संगीतकार स्वतः गप्प बसतो, म्हणून नाचणारीला बोलता येतं. सगळीकडे सूरच सूर कोंबले तर पाय टाकायचा कुठे? माझ्या मते अजय-अतुल यांची खरी करामत या रिकाम्या जागांत आहे.

आणखी एक गंमत. 'जत्रा' या चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' तुम्हाला पाठ असेल. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. हीच चाल त्यांनी २०१२ साली 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात वापरली आणि तिथे ती झाली 'चिकनी चमेली'. दोन्ही गाणी एकामागोमाग लावून बघा. मराठी गाण्यात जत्रेची धूळ आहे, हिंदीत झगमगाट आहे. अंगातला सदरा बदलला, अंग तेच.

आणि २०१६चं 'सैराट'! नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीतला. विहिरी, केळीच्या बागा, धुळीचे रस्ते. पण त्यातल्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा कुठे वाजवला गेला, माहीत आहे? थेट अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर! भारतीय चित्रपटाच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण तिथे पहिल्यांदाच झालं. साठाहून अधिक वादक एका मोठ्या दालनात एकत्र बसलेले. व्हायोलिनवाले, बासरीवाले, आणि फ्रेंच हॉर्नवालेसुद्धा. हे फ्रेंच हॉर्न म्हणजे गोल गुंडाळलेली पितळेची नळी. उलगडून सरळ केली तर सुमारे बारा फूट भरेल!

असा ऑर्केस्ट्रा वाजतो तो कागदावरून. प्रत्येकापुढे त्याच्या वाट्याचा कागद असतो. तो कधी थांबणार, कधी शिरणार, किती हळू वाजवणार, सगळं लिहिलेलं. समोर उभा असलेला संचालक छडी हलवतो आणि साठ माणसं एक श्वास घेतात.

आता परत बाळापूरला या. इथे कागद नाही, छडी नाही. इथे आहे मास्टरचा मोबाइल, आणि त्याला चिकटलेले आठ कान.

सीझन सुरू होण्याआधी, तुळशीच्या लग्नाच्या थोडं आधी, बँडचा रियाज चालतो. मी एका दुपारी जाऊन बसलो होतो. दहा बाय बाराची खोली. भिंतीला खिळ्यावर ट्रम्पेट टांगलेले. मास्टर एक गाणं पाच-सहा वेळा ऐकतात. मग क्लॅरिओनेट ओठाला लावून चाचपडत चाल काढतात. मग तोंडानं 'सा रे ग म' म्हणून दाखवतात आणि एकजण ते वहीत उतरवून घेतो.

इथे पहिली अडचण येते पट्टीची. तुम्ही पेटी पाहिलीय ना? पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या. फोनमधलं गाणं कुठल्याही पट्टीत असू शकतं. पण बँडचे ट्रम्पेट आणि क्लॅरिओनेट बहुतेक करून 'काळी पाच'चे असतात. म्हणजे त्यांचा स्वतःचा घरचा 'सा' पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर. आल्टो सॅक्सोफोन असेल तर त्याचा 'सा' काळी दोनवर! सगळ्यांनी आपापल्या घरचा 'सा' धरला तर वरातीत गाणं नव्हे, भांडण ऐकू येईल. म्हणून कुणी कुठून सुरुवात करायची, हे मास्टरला आधी ठरवावं लागतं. वऱ्हाडात खेड्यापाड्यांत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे मास्टर म्हणतात, "कायी पाच धरा रे!" मला आधी वाटलं, ते कुणाला तरी 'काही' विचारतायत.

ट्रम्पेटला फक्त तीन कळा असतात. मग त्यावर इतके सूर येतात कुठून? गणित करून बघा. कळ दाबली की नळीचा एक जादा तुकडा जोडला जातो, नळी लांब होते आणि सूर खाली उतरतो. मधली कळ अर्धा स्वर उतरवते, पहिली एक स्वर, तिसरी दीड स्वर. तीन कळा दाबण्याचे किंवा न दाबण्याचे एकूण प्रकार होतात आठ. पण पहिली आणि मधली मिळूनही दीडच स्वर होतो. म्हणजे खऱ्या उपयोगाच्या लांब्या सातच. बाकी सगळं काम ओठांचं! ओठ जास्त आवळले की त्याच नळीतून वरचा सूर निघतो. म्हणून ट्रम्पेटवाल्याची बोटं कमी आणि गाल जास्त दमतात.

क्लॅरिओनेटची तऱ्हा निराळी. त्याच्या तोंडाशी बोरूसारख्या गवताची एक पातळ पट्टी असते, ती थरथरते आणि आवाज होतो. बासरीवर 'सा'ची बोटं तशीच ठेवून जोरानं फुंकलं तर वरचा 'सा' मिळतो. क्लॅरिओनेटवर अंगठ्याची मागची कळ दाबली तर 'सा'चा होतो वरच्या सप्तकातला 'प'! त्यामुळे नव्या शिकणाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा होतो. पण एकदा का बोटं बसली, की गळ्यासारखी मुरकी, सुरावरून सुरावर घसरणं, हे सगळं या वाद्यावर फार गोड येतं. म्हणून लावणी आणि 'जीव रंगला'सारखी गाणी क्लॅरिओनेटकडे, आणि 'झिंगाट'सारखी ठोसे मारत जाणारी गाणी ट्रम्पेटकडे. ही वाटणी मास्टर करतात. मला विचाराल तर 'जीव रंगला' क्लॅरिओनेटवर ऐकावं, आणि तेही रात्री वरात परतताना, जेव्हा कुणाला नाचायची घाई नसते.

"फोनातल्या गान्यात शंभर जन हायेत," मास्टर मला म्हणाले. "मायापाशी आठ. आता सांगा, कोनाले ठेवू अन् कोनाले काढू?"

दोस्तांनो, हा प्रश्न अजिबात सोपा नाही. व्हायोलिनचा ताफा काढायचा, पण त्याची ऊब ठेवायची. ती ऊब दिली युफोनियमला. मधली बासरी क्लॅरिओनेटला. ढोल-ताशाचा गलका एका साइड ड्रमला आणि एका ढोलाला. आणि काही सूर चक्क सोडून द्यायचे. कधी कधी मास्टर स्वतःच्या पदरचे चार सूर जोडतात, कारण ट्रम्पेटवाल्याला मधे श्वास घ्यायला उसंत हवी. गाणारा माणूस स्टुडिओत एक ओळ गाऊन थांबतो, ध्वनिमुद्रण पुढे जोडता येतं. रस्त्यावरच्या ट्रम्पेटवाल्याला कोण जोडून देणार? तो 'झिंगाट' एका वरातीत दहा वेळा वाजवतो. लोक 'वन्स मोअर' ओरडत राहतात.

आता खास आपल्या अकोल्याकडची अडचण सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगानं जातो. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर. फुंकून वाजणाऱ्या वाद्याच्या नळीत हवाच तर कंप पावत असते! त्यामुळे वाद्य तापलं की त्याचा सूर वर चढतो. फुंकर मुळातच कोमट असते, म्हणून प्रत्यक्षात फरक या आकड्यांपेक्षा कमी पडतो, पण कानाला टोचेल एवढा नक्की असतो. आणि हातगाडीवरच्या की-बोर्डाला उन्हाशी काही देणंघेणं नाही. तो आपल्या सुरावर ठाम! मग ट्रम्पेटवाले काय करतात? नळीचा सरकता भाग थोडा बाहेर ओढतात. नळी लांब झाली, सूर खाली आला, जमलं! मास्टरच्या भाषेत, "उन्हायात बाजा चढते भाऊ, मानसासारखाच."

शाळेत 'ध्वनी' हा धडा आला की हे उदाहरण सरांना सांगा. खूश होतील.

ही पितळी वाद्यं येतात कुठून, असं तुम्ही विचाराल. मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या मेरठहून. तिथल्या जली कोठी भागात घरोघरी ट्रम्पेट आणि युफोनियम ठोकून तयार होतात. गोऱ्या पलटणींबरोबर बँड आपल्या देशात आला, पण पुढे आपल्या लोकांनी त्याला लग्नाच्या मांडवात बसवलं. त्याआधी मान सनई-चौघड्याचा होता आणि आपल्याकडे डफड्याचाही. आजही मंगलाष्टकं झाली की सनईच लागते, मग ती कॅसेटची असो नाहीतर मोबाइलची.

तुमच्यातला एखादा हुशार वाचक विचारेल, अजय-अतुल यांची चाल बाळापूरच्या बँडनं वाजवली, तर परवानगी नको का घ्यायला? पैसे नकोत का द्यायला? छान प्रश्न! एरवी दुसऱ्याची चाल जाहीरपणे वाजवायची तर कायद्यानं परवानगी लागते. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक सवलत आली. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो गुन्हा नाही, आणि लग्नाची वरात व लग्नातले इतर सोहळे यांची गणना तिथे धार्मिक समारंभातच केलेली आहे. म्हणजे वरातीपुरती सगळी गाणी सगळ्यांची! संगीतकारांचं काय मग? त्यांच्यासाठी २०१२ साली याच कायद्यात सुधारणा झाली. चित्रपटातलं गाणं इतर ठिकाणी वापरलं गेलं तर त्याच्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा राहील, आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. त्याआधी कित्येक संगीतकारांना एकरकमी पैसे मिळत आणि विषय संपे.

बँडवाल्यांच्या कमाईचा मात्र असा कुठलाही कायदा नाही. तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंत काम. त्यातही ज्या दिवशी मुहूर्त, त्या दिवशी चार ठिकाणांहून बोलावणं, आणि एरवी आठवडाभर शुकशुकाट. पावसाळ्यात कुणी शेतावर जातं, कुणी रंगकाम करतं. त्यात डी.जे. आला. एक गाडी, एक माणूस, एक बटण. आठ माणसांच्या जेवणाचा खर्च वाचला, असा हिशेब लग्नघरात होतो. मी डी.जे.वाल्यांचा शत्रू नाही, त्यांनाही पोट आहे. पण छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजात एक गोष्ट कधीच होत नाही. घोडा बुजला, म्हातारे आजोबा नाचायला पुढे आले, तर डी.जे.चं गाणं त्यांच्यासाठी हळू होत नाही. बाळापूरच्या मास्टरनं त्या दिवशी आत्याबाईंचे गुडघे पाहिले आणि 'झिंगाट'ची लय दोन बोटं खाली आणली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता थोडं आईबाबांशी. अजय-अतुल यांची गोष्ट वाचून मुलगा म्हणाला, "मी पण अभ्यास सोडतो, संगीतकारच होतो," तर काय कराल? त्या खुळखुळेवाल्या मुलाच्या वडिलांनी काय केलं, ते सांगतो. ते स्वतः ट्रम्पेट वाजवतात. मुलाला ट्रम्पेट शिकायचंय. ते म्हणाले, "शिकवतो. पन दहावीचं पुस्तक बंद केलं तं ट्रम्पेट बी बंद." मुलगा म्हणाला, कबूल. मग पहिले दोन महिने त्याला ट्रम्पेटच दिला नाही! नुसतं त्याचं टोक दिलं, ज्यावर ओठ टेकवतात ते. त्यात ओठ फडफडवून एकच लांब सूर काढायचा, न थरथरता. घड्याळ लावून वीस सेकंद. चाल नाही, गाणं नाही, 'झिंगाट' तर नाहीच नाही. संध्याकाळी तो किल्ल्याच्या बाजूला नदीकाठी बसतो आणि पूं-पूं करतो. म्हशी वळून बघतात. आई म्हणते, घरी करू नको बाबा, शेजारी बोलतात.

अजय-अतुल यांच्यासारखं होणं लाखात एखाद्याला साधतं, हे त्या वडिलांनाही ठाऊक आहे. पण पोलिसांचे बँड आहेत, सैन्याचे बँड आहेत, तिथे फुंकून वाजवणाऱ्यांची भरती होते, नियमित पगार मिळतो. त्यासाठी शिक्षणाची अट असते आणि कागदावरचे सूर वाचता आले तर फार उपयोग होतो. म्हणून त्यांनी मुलाला अकोल्यात स्वरलिपी शिकवणारं कुणी मिळतं का, याची चौकशी सुरू केलीय. स्वतः त्यांना एक अक्षर स्वरलिपी येत नाही. तीस वर्षं सगळं कानानं.

मी निघताना मुलाला विचारलं, "आमच्या वाचकांना काही सांगायचंय का?" मला वाटलं, खूप मेहनत करा वगैरे म्हणेल. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हो. वरातीत नाचताना ट्रम्पेटवाल्याच्या कोपराले धक्का नोका मारू म्हना."

"का रे?"

"टोक दातावर आपटते, काका. माया बाबाचा एक दात तसाच गेला. दात नसले तं ओठ कायवर टेकवन? मंग वाजवन कोन?"